विदर्भातलं दुखणं आधी अंगात का बोलतं?

वऱ्हाडातल्या खेड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेला माणूस ‘मी दुःखी आहे’ असं क्वचितच सांगतो. डोकं जड झालंय, झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, अशीच सुरुवात होते. फार विचारलं, तर ‘टेन्शन आहे जी’. याला अडाणीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. भावना अंगातून बोलते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे.

नाट्यशास्त्र या नाट्यकलेवरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात भरतमुनींनी 49 भाव सांगितले. त्यातले 8 स्थायी, म्हणजे मनात टिकून राहणारे: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. चिंता, दैन्य, ग्लानी, विषाद असे 33 भाव येतात-जातात आणि स्थायी भावाला पोसतात. उरलेले 8 सात्त्विक, म्हणजे थेट शरीरात उमटणारे: ताठरणं, घाम, रोमांच, आवाज बदलणं, कंप, चेहरा उतरणं, अश्रू, शुद्ध हरपणं. मन एकाग्र झाल्याशिवाय नटाला हे आठ साधत नाहीत, असंही तिथेच म्हटलं आहे.

आठव्या शतकातला संस्कृत नाटककार भवभूती तर विदर्भाचाच. त्याचं पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं गाव, असं अभ्यासक मानतात. रस, म्हणजे नाटक पाहताना प्रेक्षकाला येणारा भावानुभव, एकच, तो करुण. बाकीची त्याचीच निमित्तानुसार बदलणारी रूपं, असं त्याने आपल्या नाटकातल्या पात्राच्या तोंडी घातलं. आज हाच मुलूख झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या, रंगभूमीचा आहे. धानाची कापणी झाली की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा परिसरातल्या मंडळ्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात आणि समोरची गर्दी मोकळेपणाने रडते. घरी ज्याला रडता येत नाही, तोही इथे रडतो. या रंगभूमीची थोरवी मला यात दिसते. तिचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

पश्चिमेत डार्विनने 1872 मध्ये माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावमुद्रांची तुलना केली. 1884 मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने मांडलं की शरीरात आधी बदल होतो, त्याची जाणीव म्हणजेच भावना. धडधड तर भीतीतही होते आणि रागातही, हा त्यावर शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅननचा आक्षेप 1927 चा. 1962 मध्ये शॅक्टर आणि सिंगर हे मानसशास्त्रज्ञ म्हणाले, धडधडीला अर्थ परिस्थिती देते. ही गोष्ट कापूसवाल्या मुलखाला लगेच पटावी. पेरणीनंतर पाऊस दडी मारतो, सावकाराचा निरोप येतो, तेव्हा धडधडीचं कारण घरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. बोलत मात्र कोणी नाही.

म्हणून ‘विश्राम’ या मानसिक आरोग्याच्या उपक्रमाने अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत गावातलेच कार्यकर्ते तयार केले. ते लोकांच्याच शब्दांत ताणाबद्दल बोलत आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवत. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. ऑक्टोबर 2022 पासून 14416 या टेली-मानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावरही मोफत बोलता येतं, मराठीतही.