नॅरोबोट आणि कालव्यावरील जीवन

इंग्लंड व वेल्समधील जुन्या मालवाहू कालव्यांवर चालणारी, सुमारे ७ फूट (२.१३ मी.) रुंद व जास्तीत जास्त ७२ फूट (सु. २२ मी.) लांब, सपाट तळाची नौका, तसेच तिच्यावर बिऱ्हाड करून प्रवास करण्याची रीत. अठराव्या शतकात ही घोड्याने ओढायची लाकडी मालनौका होती. आजच्या बहुतेक नॅरोबोटी पोलादी, डिझेल एंजिनाच्या आणि राहण्यासाठी किंवा सुटीसाठी वापरल्या जाणाऱ्या आहेत. अशाच दिसणाऱ्या रुंद नौकांनाही सरसकट हे नाव दिले जाते, ते बरोबर नाही. रुंदी हाच तिचा निकष आहे.

रुंदीचा उगम : ७ फूट हे माप कशावरून आले याविषयी एकमत नाही. एका मतानुसार त्याचे मूळ मँचेस्टरजवळील वर्स्लीच्या कोळसा खाणीत आहे. तेथील भुयारी कालव्यांत सु. ४.५ फूट रुंदीच्या होड्या चालत. आतल्या उघड्या फासळ्यांमुळे त्यांना ‘स्टार्व्हेशनर’ (उपासमारीच्या) म्हणत. नॅरोबोट या होड्यांपासून विकसित झाली, असे हे मत सांगते. मात्र याच खाणीसाठी काढलेला व १७६१ मध्ये सुरू झालेला ब्रिजवॉटर कालवा स्वतः रुंद होता, त्यामुळे हा दुवा कच्चा वाटतो. मर्सी नदीतील ‘फ्लॅट’ नौका सु. १४ फूट रुंद असत, त्यांच्या निम्मे माप घेतले, असे दुसरे मत आहे.

तिसऱ्या मताला अधिक आधार आहे. ट्रेंट व मर्सी कालव्याला १७६६ मध्ये संसदेची मंजुरी मिळाली. त्याचा अभियंता जेम्स ब्रिंडली (१७१६–७२) याला हेअरकॅसल टेकडीखालून २,८८० यार्डांचा (सु. २.६ किमी.) बोगदा खणायचा होता. रुंद बोगद्याचा खर्च परवडणारा नव्हता. शिवाय कालव्याच्या माथ्यावरील टप्प्यात पाणी बेताचे असते आणि लॉकमधून (जलपाशातून, म्हणजे नौकेला वरच्या व खालच्या पातळीदरम्यान नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दारे असलेल्या कोठीतून) नौका उतरली की दर वेळी लॉकभर पाणी खाली जाते. लॉक अरुंद केला की हा व्यय निम्म्यावर येतो. याच कालव्याचे बर्टन गावाच्या पूर्वेकडील, ट्रेंट नदीकडे उतरणारे लॉक सु. १४ फूट रुंद आहेत, ही गोष्ट येथे निर्णायक म्हणावी लागेल. जेथे डोंगर आणि पाणी आड आले, तेथेच कालवा अरुंद झाला. नंतरच्या अनेक मध्य-इंग्लंडी कालव्यांनी हे माप उचलले.

ब्रिंडलीच्या मृत्यूनंतर, १७७७ मध्ये हा कालवा पूर्ण झाला. बोगद्यात ओढवाट (नौका ओढणाऱ्या घोड्यासाठी काठाने जाणारी वाट) नव्हती. घोडा टेकडीवरून पलीकडे नेत आणि माणसे नौकेवर उताणी पडून पायांनी भिंती रेटत पुढे सरकत. १८२७ मध्ये अभियंता टॉमस टेलफर्डच्या योजनेनुसार शेजारी ओढवाटेसह दुसरा बोगदा झाला.

नौकेवरील कुटुंबे : रेल्वेच्या स्पर्धेमुळे मालवाहतुकीची भाडी उतरली, तेव्हा किनाऱ्यावरचे घर सोडून खलाशी बायकामुलांसह नौकेवर राहू लागले, असे साधारणपणे मानतात व हा बदल १८४० च्या आसपास धरतात. त्याआधीही अशी कुटुंबे होती. रेल्वेने त्यांची संख्या वाढवली, एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित. बिऱ्हाडाची खोली सु. १० फूट लांब असे. दाराशी कोळशाची चूल, तिच्यालगत ज्याचे दार खाली पाडले की टेबल होई असे कपाट आणि रात्री आडवा उघडायचा पलंग, एवढ्यात अख्खे कुटुंब मावे. समाजसुधारक जॉर्ज स्मिथ यांच्या चळवळीमुळे १८७७ व १८८४ चे कायदे होऊन नौकांची नोंदणी, राहणाऱ्यांची संख्या व मुलांचे शिक्षण यांवर देखरेख आली. स्मिथ यांनी रंगवलेले घाणीचे व अज्ञानाचे चित्र सर्वांना लागू करणे मात्र अन्यायाचे होईल. लखलखीत पितळ, लेसचे पडदे आणि भिंतीवरच्या नक्षीदार बशा यांची हौस या बायकांना मोठी होती. दारांवर व पाण्याच्या डब्यांवर गुलाब आणि किल्ले रंगवण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुळलेली दिसते. तिचे मूळ काहीजण जिप्सींकडे नेतात. त्या काळच्या रंगीत चहा-तबकांशी असलेले साम्य अधिक पटण्याजोगे आहे.

१९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारी झाले. १९६२–६३ च्या हिवाळ्यात पाणी आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि मालवाहतुकीचा कणा मोडला. कालवे टिकले, त्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या इनलँड वॉटरवेज असोसिएशन या कालवे वाचवण्यासाठी झटणाऱ्या संस्थेचा वाटा मोठा आहे. २०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील सु. २,००० मैलांचे (३,२०० किमी.) जलमार्ग कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट हा धर्मादाय न्यास सांभाळतो.

सध्याची दिनचर्या : वेगमर्यादा ताशी ४ मैल; बांधलेल्या नौकांजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर लाटेने त्यांचे दोर ताणतात. समोरून नौका आली की उजवीकडे व्हायचे. लॉकपाशी एकजण उतरून विंडलास या हातकिल्लीने झडपा उघडतो आणि लांब तुळईला पाठ लावून दार ढकलतो. लॉक उतरताना नौकेचा मागचा भाग वरच्या दाराच्या दगडी उंबऱ्यावर अडकला, तर पाणी ओसरताच पुढचा भाग बुडतो. म्हणून सुकाणू धरणाऱ्याची नजर मागेही असावी लागते. पाण्याची टाकी भरणे, शौचकूप रिकामे करणे, बॅटऱ्या व गॅसचा साठा पाहणे यांवर मुक्काम ठरतात. थंडीत शेगडीसाठी कोळसा लागतो. तो आणि डिझेल विकणाऱ्या नौका फिरत असतात. कायमचा धक्का नसलेल्यांना १९९५ च्या कायद्यानुसार एका जागी सलग १४ दिवसांहून अधिक सहसा राहता येत नाही. मुलांची शाळा, नोकरी, दवाखाना हे सारे त्या १४ दिवसांत बसवावे लागते.