एसएसडी, हार्ड डिस्क की रेड? आपल्या खान्देशातल्या घरासाठी काय घ्यावं

जुना पीसी रडायला लागला की आपण तो उचलून जळगावच्या गोलाणी मार्केटला नेतो, तिथं दुकानदार म्हणतो भाऊ एसएसडी (चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) टाकून घ्या, आणि एखादा जास्त उत्साही असला तर म्हणतो दोन डिस्क लावून रेड (बऱ्याच डिस्क जोडून एकीसारख्या चालवणं) करून देतो, डेटा कधीच जाणार नाही. पहिलं ऐकायचं. दुसऱ्याबद्दल मात्र जरा थांबा.

आधी पीसी स्लो का होतो ते बघू, कारण बरेच जण प्रोसेसरला शिव्या देतात आणि दोष असतो हार्ड डिस्कचा. हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत चकत्या फिरत असतात, साधारण मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. वाचणारं हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर सरकायला अजून आठ-नऊ मिलिसेकंद, सगळं मिळून बारा-तेरा. ऐकायला काहीच नाही वाटत, पण याचा अर्थ इकडे-तिकडे विखुरलेल्या बारीक फाइली ही डिस्क सेकंदाला जेमतेम पाऊणशे-ऐंशीच वाचू शकते, आणि विंडोज चालू होताना अशा हजारो बारीक फाइली मागते, मग स्क्रीनवर ते गोल गोल फिरत बसतं आणि आपण चहा टाकून येतो. एसएसडीत हलणारं काहीच नाही, ती अशा फाइली सेकंदाला हजारोंनी देते. म्हणून आठ-दहा वर्षं जुन्या मशीनला साधी साटा (हार्ड डिस्कच्याच जुन्या जोडणीवर चालणारी) एसएसडी लावली तरी ते नवं वाटायला लागतं. साटावाली सेकंदाला ५५० एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमई (नवी, जास्त वेगवान जोडणी) काही हजार एमबी, पण घरच्या कामात या दोघींतला फरक हार्ड डिस्क आणि एसएसडीमधल्या फरकासारखा जाणवत नाही, उगाच त्यासाठी पैसे फुंकू नका.

आता एसएसडी लिहून लिहून झिजते म्हणतात त्याचं काय? झिजते, खरं आहे. तिच्यातली नँड फ्लॅश, म्हणजे माहिती साठवणारी चिप, जी तोशिबाच्या फुजिओ मासुओकांच्या टीमने १९८७ मध्ये जगासमोर आणली, ती पाटीसारखी आहे, लिहिता येतं ओळ-ओळ पण पुसायची तर अख्खी पाटीच पुसावी लागते, आणि दर पुसण्याला थोडी झीज होते. पण गणित करून बघा ना. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला कंपनी ३०० टीबी लिहिण्याची हमी देते, आपण रोज २० जीबी लिहिलं (घरी एवढं कोण लिहितं?) तरी वर्षाला ७.३ टीबी, म्हणजे चाळीस वर्षं. तोवर तो पीसी भंगारवाल्याकडे जाऊन बाकीचं जग कुठल्या कुठं गेलेलं असेल.

एसएसडीची खरी भानगड वेगळीच आहे आणि ती आपल्या भागात जास्त. फ्लॅशमध्ये माहिती म्हणजे इलेक्ट्रॉनचा अडकवून ठेवलेला चार्ज, तो हळूहळू गळतो, गरमीत लवकर गळतो. घरगुती एसएसडीचं जेडेक (चिपचे नियम ठरवणारी संस्था) स्टँडर्ड काय सांगतं, तर लिहिण्याची सगळी हमी वापरून झाल्यावर ती बंद ठेवली तर ३० डिग्रीला एक वर्ष डेटा टिकला पाहिजे. नवी डिस्क याहून बरीच जास्त टिकते, पण ३० डिग्री हो! भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारूच नका. म्हणून लग्नाचे फोटो एसएसडीत भरून ती कपाटात टाकून विसरून जायचं, हे आपल्याकडे नको. तिथं हार्ड डिस्क बरी, आणि एका टीबीच्या हिशोबानं स्वस्तही. शूटिंगचा धंदा करणाऱ्यांना तर पर्याय नाही, १०० एमबीपीएसनं (सेकंदाला १०० मेगाबिट, मेगाबाइट नव्हे) शूट केलेला तासाभराचा फोर-के व्हिडिओ ४५ जीबी खातो, हळदीपासून पाठवणीपर्यंतचं एक लग्न म्हणजे ५०० जीबी बघता बघता भरली.

हार्ड डिस्कलाही गरमी आवडत नाही बरं का, साधारण ६० डिग्री तिची हद्द, आणि खोलीतच ४० असेल तर कॅबिनेटमध्ये धूळ बसलेला पंखा घेऊन ती त्या हद्दीजवळ पोचते. उन्हाळ्याआधी ब्लोअर मारून घ्या.

आणि रेड. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी पेपर मांडला की मेनफ्रेमची (कंपन्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरची) एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा पीसीच्या खूप स्वस्त डिस्क एकत्र जोडा. रेड १ मध्ये दोन डिस्कवर तेच लिहिलं जातं. रेड ५ मध्ये निदान तीन डिस्क आणि हिशोबाची जादा माहिती, म्हणजे ७ आणि ५ ची बेरीज १२ लिहून ठेवली की ७ हरवला तरी १२ मधून ५ वजा करून सापडतो. रेड ० मात्र नुसतं वेगासाठी, एक डिस्क गेली की दोन्हींवरचं सगळं गेलं, घरी लावूच नका. रेड १ आणि ५ चा उपयोग एवढाच, की एक डिस्क मेली तरी मशीन बंद पडत नाही. बँकेला ते पाहिजे. आपल्या घरी एक दिवस पीसी बंद राहिला तर कोणाचं काय अडतं?

उलट पोरानं चुकून फोल्डर डिलीट केलं की रेड १ इमानदारीनं दोन्हीकडून डिलीट करतं, व्हायरसनं फाइली लॉक केल्या तर दोन्हीकडच्या लॉक, आणि वळवाच्या पावसात वीज पडून व्होल्टेज वाढलं तर एकाच सप्लायवरच्या दोन्ही डिस्क सोबत जळतात. रेड ५ ला लिहिता लिहिता लाइट गेली तर डेटा आणि तो बेरजेचा हिशोब जुळत नाही, ही अजून एक कटकट. हार्ड डिस्क निदान लाइट गेल्यावर फिरत्या चकत्यांच्याच जोरावर वीज बनवून हेड बाजूला नेऊन ठेवते, पण अर्धवट लिहिलेली फाइल तीही वाचवू शकत नाही.

तर माझा कौल असा, विंडोजसाठी एसएसडी, साठ्यासाठी हार्ड डिस्क, आणि रेडच्या पैशात एक बाहेरची हार्ड डिस्क, महिन्यातून एकदा कॉपी मारून वायर काढून ठेवायची, जमलं तर मामाच्या घरी नाहीतर शेतातल्या घरी, जिथं जास्त ऊन लागत नाही तिथं. उरलेल्यात छोटा यूपीएस. घरी इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा, नॉर्मल मोडवर लाइट जाता-येता मधला खंड मोठा असतो आणि पीसी रिस्टार्ट होतो.

घ्यायला जाताना मदरबोर्डवर एम डॉट टू खाच (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) आहे का आणि ती साटा घेते की एनव्हीएमई ते विचारून घ्या, दोघी दिसायला सारख्याच असतात. आणि चारपाचशे रुपयात दोन टीबीची एसएसडी ऑनलाइन दिसली तर हात लावू नका, आत छोटीशी मेमरी चिप असते आणि तिचा कंट्रोलर (डिस्क चालवणारी चिप) खोटा आकडा दाखवतो, खरी जागा भरली की पुढच्या फाइली नावाला दिसतात पण उघडत नाहीत.