अंडाशय किती साथ देईल? एका अंदाजाची पार्श्वभूमी

आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, सुरू करण्याआधी एएमएच या संप्रेरकाची रक्तचाचणी आणि पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची सोनोग्राफी आता इतकी ठरून गेली आहे, की ती कशासाठी सुरू झाली हे फारसं कुणी विचारत नाही. मूळ प्रश्न अगदी मर्यादित होता: इंजेक्शनं दिल्यावर या बाईच्या अंडाशयातून साधारण किती बीजं मिळतील? मूल होईल का, हा वेगळा प्रश्न. पुढे हे दोन्ही एकमेकांत मिसळले आणि आजचा बराचसा गोंधळ त्यातून आला आहे.

जुलै १९७८ मध्ये इंग्लंडात जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीसाठी नैसर्गिक पाळीतलं एकुलतं एक बीज वापरलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात झालेल्या मुलीच्या वेळी मात्र डॉक्टरांनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन अंडाशयाला आधीच चालना दिली होती. त्यांचा दावा तेव्हा सरकारी समितीने फेटाळला, पण जग पुढे त्यांच्याच वाटेने गेलं. मुंबईत परळच्या पालिका रुग्णालयात १९८६ साली मूल जन्माला आलं, तोवर इंजेक्शनांशिवाय आयव्हीएफ अपवादालाच उरलं होतं. औषध पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढलं जाई. इटलीतल्या जोगिणींच्या मठांतून ती गोळा केल्याची हकीकत या क्षेत्रात अजून सांगितली जाते.

इंजेक्शनं सरसकट झाली आणि नवीच अडचण दिसू लागली. तोच डोस, जवळपास तेच वय, तरी एकीला पंधरा बीजं तर दुसरीला दोन. अशा बायकांचं पहिलं वर्णन १९८३ सालचं आहे. त्यात निकष रक्तातल्या इस्ट्रॅडिओल या अंडाशयाच्या संप्रेरकाचा होता, तो कमाल ३०० पिकोग्रॅमच्या वर गेला नाही तर प्रतिसाद कमी. पण हे कळायचं ते इंजेक्शनं टोचून, पैसे भरून झाल्यावर. आधी कळावं म्हणून मग अंडाशयाला चालना देणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाची चाचणी आली. अंडाशयातला बीजांचा साठा घटला की मेंदूखालची ग्रंथी जास्त जोर लावते, म्हणून पाळीच्या तिसऱ्या दिवशीचा एफएसएच वाढतो, हा त्यामागचा तर्क. १९८९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात धोक्याची रेषा २५ वर होती. किट बदलली तशी ती अनेक ठिकाणी दहाच्या आसपास आली. शिवाय हा आकडा महिन्यागणिक हलतो, इस्ट्रॅडिओल चढलं असेल तर फसवा कमी दिसतो, आणि तो नक्की वाढलेला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. पाच दिवस क्लोमिफेनच्या गोळ्या देऊन पुन्हा एफएसएच मोजायची चाचणीही काही वर्षं चालली. इनहिबिन-बी या आणखी एका संप्रेरकाची चाचणी आली, फार टिकली नाही.

टिकल्या त्या दोन गोष्टी. पहिली, सोनोग्राफीत २ ते १० मिलिमीटरची बीजपुटकं (बीज ज्यात वाढतं त्या छोट्या पिशव्या) मोजणं, म्हणजे एएफसी. योनीमार्गे प्रोब आत, पडद्यावर करड्या अंडाशयात काळे गोल ठिपके, आणि डॉक्टर प्रोब हळूहळू फिरवत तोंडातल्या तोंडात मोजत असतात: उजवीकडे सहा, डावीकडे पाच. एखादा ठिपका दोनदा मोजला जातो, एखादा आतड्याच्या वायूमागे लपतो. त्यामुळे दोन डॉक्टरांचे आकडे एक-दोनने वेगळे येणारच. दुसरी गोष्ट एएमएच. हे संप्रेरक विसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत होतं, पण ते पुरुष गर्भाच्या घडणीच्या संदर्भात. अंडाशयातली छोटी पुटकंही ते बनवतात; त्याचा आकडा मिळालेल्या बीजांच्या संख्येशी जुळतो, हे २००२ च्या सुमारास मांडलं गेलं. पाळीच्या कुठल्याही दिवशी रक्त दिलं तरी चालतं, ही त्याची खरी जमेची बाजू. दवाखान्यांनी ते उचलून धरलं ते याच सोयीमुळे.

मात्र मोजणीची घडी बरीच वर्षं बसली नव्हती. सुरुवातीच्या दोन किट एकमेकींशी जुळत नव्हत्या. नंतर आलेल्या एकत्रित किटमध्ये रक्तातल्या एका घटकाच्या अडथळ्यामुळे आकडे कमी येऊ लागले आणि २०१३ मध्ये नमुना हाताळण्याची पद्धत बदलावी लागली. त्यात एकक दोन. कुठे नॅनोग्रॅम, कुठे पिकोमोल, आणि त्यांत सातपटीहून थोडा जास्त फरक. पिकोमोलमधला ७ चा रिपोर्ट नॅनोग्रॅममधल्या १ च्या बरोबरीचा असतो, हे माहीत नसलेली माणसं व्हॉट्सॲपवर एकमेकींचे आकडे ताडून पाहतात आणि रात्रभर झोपत नाहीत.

खरा वाद झाला तो २०११ मध्ये, ‘पुअर रिस्पॉन्डर’, म्हणजे कमी प्रतिसाद देणारी, कुणाला म्हणायचं यावरून. त्या वर्षी एका आढाव्याने उपचारांच्या ४७ चाचण्या तपासल्या, तर त्यांत कमी प्रतिसादाच्या ४१ वेगवेगळ्या व्याख्या निघाल्या. कुणाला वय चाळीस पुरेसं, कुणाला चारपेक्षा कमी बीजं, कुणाला मागची रद्द झालेली सायकल, म्हणजे उपचाराची फेरी. म्हणजे टेस्टोस्टेरॉन जेल असो, ग्रोथ हार्मोन असो किंवा डीएचईए, कशाने फायदा झाला हे ठरवायला तुलनाच शक्य नव्हती. त्याच सुमारास युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने इटलीतल्या बोलोन्यात बसून निकष ठरवले. तिन्हींपैकी दोन लागू हवेत: वय चाळीस किंवा त्याहून जास्त, अथवा दुसरं काही जोखमीचं कारण; मागच्या नेहमीच्या डोसच्या सायकलमध्ये तीन किंवा कमी बीजं; आणि साठ्याची चाचणी कमी, म्हणजे एएफसी ५ ते ७ च्या खाली किंवा एएमएच (नॅनोग्रॅममध्ये) ०.५ ते १.१ च्या खाली. पूर्ण डोस देऊन दोनदा कमी बीजं आली, तर बाकी काही नसलं तरी ती बाई या यादीत.

या निर्णयाने संशोधनाला एक भाषा मिळाली, हे मान्यच करावं लागतं. पण त्यातल्या फटी लगेच दिसल्या. ०.५ ते १.१ हा पट्टा मोकळाच ठेवला, म्हणजे ०.८ आलेली बाई एका केंद्रात यादीत आणि शेजारच्या केंद्रात बाहेर. जोखमीचं कारण म्हणजे काय, हेही सैल. एंडोमेट्रिओमाचं (अंडाशयातल्या एका प्रकारच्या गाठीचं) ऑपरेशन झालेली २९ वर्षांची मुलगी आणि कधीच सायकल न केलेली ४३ वर्षांची बाई, दोघी एकाच गटात बसू शकतात. खरं तर दोघींचं भवितव्य अगदी निराळं: पहिलीला बीजं कमी मिळतील पण चांगली असण्याची शक्यता बरी, दुसरीकडे संख्या आणि गुणवत्ता दोन्हींची पडझड. फक्त वय आणि चाचणीवरून गटात आलेल्या बाईला ‘अपेक्षित’ पुअर रिस्पॉन्डर म्हणावं, असं त्या कागदातच लिहिलं होतं. दवाखान्याच्या रोजच्या बोलण्यात ‘अपेक्षित’ हा शब्द गळाला. उरलं ते प्रत्यक्ष एक इंजेक्शनही न घेतलेल्या बाईला दिलेलं लेबल, आणि त्याच्या मागोमाग डोनर एगचा, म्हणजे दुसऱ्या बाईचं बीज घेण्याचा, सल्ला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात महागात पडलेली गळती हीच.

२०१६ मध्ये दुसऱ्या एका गटाने नवी मांडणी केली. ३५ च्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, साठा चांगला आणि कमी (एएफसी ५, एएमएच १.२ ही रेषा), असे चार गट. साठा चांगला असूनही चारपेक्षा कमी किंवा नऊपर्यंतच बीजं मिळणाऱ्या बायकांना त्यात पहिल्यांदा जागा मिळाली. मांडणी बारकाव्याची आहे. पण तिची पकड इतकी मोठी आहे की बऱ्याच साध्या रुग्णांवरही कमी आशेचा शिक्का बसतो, आणि लेखकांपैकी काहींचे औषध कंपन्यांशी असलेले आर्थिक संबंध लेखांखाली छापलेले आहेत. दोन्ही गोष्टी वाचकाने लक्षात ठेवाव्यात.

अंदाज आला, तर डोस बदलून उपयोग होतो का? याचं सर्वात ठोस उत्तर २०१७ मध्ये नेदरलँड्समधून आलं. १५१५ बायका, एएफसी पाहून कमी प्रतिसादाची शक्यता असलेल्यांना वाढीव डोस, जास्त प्रतिसादाची शक्यता असलेल्यांना कमी डोस, आणि तुलनेला सर्वांना सारखा १५० युनिटचा डोस. जिवंत बाळांच्या प्रमाणात फायदा दिसला नाही. कारण कुठल्याही एका महिन्यात इंजेक्शनाला ओ देणारी पुटकं मोजकीच असतात. विहिरीत पाणीच कमी असेल, तर मोठी मोटर बसवून ते वाढत नाही. जास्त प्रतिसाद देणाऱ्यांना मात्र डोस उतरवल्याने अंडाशय सुजून पोटात पाणी भरण्याचा सौम्य-मध्यम त्रास कमी झाला. एएमएचची खरी उपयुक्तता मला इथे दिसते, पीसीओच्या (अंडाशयात खूप पुटकं असलेल्या) मुलींना याच त्रासापासून, म्हणजे ओएचएसएसपासून, जपण्यात. चर्चा मात्र कायम कमी आकड्याची होते. त्याच वर्षी अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ७५० बायकांच्या अभ्यासात एएमएच कमी असल्याने नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता घटलेली आढळली नाही. तरीही लग्नाआधी ‘फर्टिलिटी चेकअप’ म्हणून ही चाचणी पॅकेजमध्ये विकली जातेच.

भारतात आणखी एक वाक्य फिरतं: आपल्याकडच्या बायकांचे अंडाशय सहा वर्षं आधी म्हातारे होतात. त्याचा उगम २०१४ च्या सुमाराच्या, स्पॅनिश आणि भारतीय बायकांची तुलना करणाऱ्या अभ्यासात आहे. दोन्हीकडच्या बायका वंध्यत्वाच्या केंद्रांत आलेल्या होत्या. त्यावरून गावातल्या, शहरातल्या सगळ्या बायकांबद्दल बोलणं घाईचं आहे; जाहिरातींना मात्र ते सोयीचं पडलं.

२०२१ च्या सहायक प्रजनन कायद्याने हा अंदाज एका वेगळ्याच ठिकाणी कळीचा केला. बीजदाती आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. दातीचं वय २३ ते ३५, म्हणजे बहुतेकींचा एएफसी भरपूर. अशा अंडाशयाला कमी डोसनेही दहा-बारा पुटकं धरू शकतात, आणि डोस मोजून बरोबर सात मिळवून देईल अशी कोणतीही चाचणी उपलब्ध नाही. दातीचं शोषण थांबावं हा हेतू योग्यच आहे, पण ही मर्यादा पाळायची तर पिकअपच्या, म्हणजे बीजं काढण्याच्या, टेबलावर सुई आठव्या पुटकाजवळ थांबवायची का, हा आक्षेप डॉक्टरांनी तेव्हाच घेतला होता.