लहान मुलांमधील लॅक्टोज असहिष्णुता

लॅक्टोज ही दुधातली साखर. ती जशीच्या तशी रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरावरचे लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजमध्ये विघटन करते, तेव्हाच ती शोषली जाते. लॅक्टेज कमी पडले की न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात. दूध प्यायल्यावर साधारण अर्ध्या ते दोन तासांत पोट फुगते, गुरगुरते, कळ येते. शी पातळ, फेसाळ व आंबूस वासाची होते. ती आम्लधर्मी असल्याने बाळाचे बूड लालभडक होते.

जन्मतःच लॅक्टेज नसणे फार दुर्मिळ; तसे असल्यास पहिल्या काही दिवसांतच तीव्र जुलाब सुरू होतात. 34 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांत लॅक्टेज काही काळ अपुरे असते. वाढत्या वयाबरोबर लॅक्टेज घटण्याचा आनुवंशिक प्रकार जगात सर्वाधिक आढळतो, पण दोन-तीन वर्षांच्या आत तो सहसा दिसत नाही. म्हणून दीड वर्षाच्या मुलाला दूध अचानक बाधू लागले, तर आधी नुकत्याच झालेल्या जुलाबांकडे पाहावे. रोटाव्हायरससारख्या संसर्गात आतड्याच्या अंकुरांची (अस्तरावरच्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांची) टोके झडतात आणि लॅक्टेज नेमके तिथेच असते. अस्तर भरून आले की बहुधा दोन ते चार आठवड्यांत दूध पुन्हा पचते. त्रास लांबला तर जिआर्डिया (आतड्यातला परजीवी), सीलिअॅक रोग (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराला होणारी इजा) किंवा दुधाची अॅलर्जी यांचा शोध घ्यावा लागतो.

अॅलर्जी हा वेगळाच आजार: त्यात शरीर दुधातल्या प्रथिनांवर प्रतिक्रिया देते. अंगावर गांधी, ओठ सुजणे, शीतून रक्त पडणे ही लक्षणे लॅक्टोजमुळे होत नाहीत. लॅक्टोजमुक्त दुधात प्रथिने तशीच असतात, त्यामुळे अॅलर्जी असलेल्या मुलाला ते देणे धोक्याचे.

निदानाचा सोपा मार्ग म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन आठवडे लॅक्टोज बंद करून पाहणे. त्रास थांबला तर दूध पुन्हा द्यावे. ही दुसरी पायरी घरोघरी गाळली जाते आणि आपोआप बऱ्या झालेल्या जुलाबांचे खापर कायमचे दुधावर फुटते. श्वासातील हायड्रोजनची चाचणी (लॅक्टोज प्यायल्यावर दशलक्षात 20 भागांहून अधिक वाढ) मोठ्या मुलांत उपयोगी पडते. लहानग्यांना उपाशी ठेवून नळीत फुंकायला लावणे अवघड. तान्ह्यांच्या शीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता) आणि त्यातली साखर तपासतात. त्यासाठी शीचा पातळ भाग ताजा हवा. डायपर तोच शोषून घेतो आणि नमुना फसतो, म्हणून डायपर उलटा बांधतात किंवा आत प्लास्टिक घालतात.

अंगावरचे दूध बंद करू नये. 100 मिलिलिटर मानवी दुधात सुमारे 7 ग्रॅम लॅक्टोज असते, गाईच्या दुधात 5 ग्रॅमच्या आत, तरी बहुतेक बाळांना जुलाबातही आईचे दूध पचते. आईने स्वतः दूध सोडल्याने तिच्या दुधातले लॅक्टोज कमी होत नाही. वरचे दूधही साध्या जुलाबात सहसा बंद करावे लागत नाही आणि पाणी घालून पातळ करू नये, त्याने पोषणच घटते. जुलाब 14 दिवसांपलीकडे गेले, वजन घटले, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडले तर डॉक्टरांना दाखवावे.

वर्षावरील मुलात प्रश्न बहुधा मात्रेचा असतो. 30 ते 60 मिलिलिटर दूध जेवणासोबत देऊन सुरुवात करावी आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडे वाढवावे. रिकाम्या पोटी एकदम कपभर देऊ नये. दह्यातले जिवाणू काही लॅक्टोज स्वतःच पचवतात, मुरलेल्या घट्ट चीजमध्ये ते नगण्य असते. लॅक्टेजचे थेंबही मिळतात. त्यांचे प्रमाण व दुधात मिसळून ठेवण्याची वेळ बाटलीवरील सूचनेप्रमाणे पाळावी.

100 मिलिलिटर दुधातून सुमारे 120 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. दूध घटवले तर ही भरपाई लॅक्टोजमुक्त दूध, दही किंवा कॅल्शियम घातलेल्या सोया पेयातून करावी, ड जीवनसत्त्वाचाही विचार करावा. बदाम किंवा तांदळाच्या पेयांत प्रथिने फारच थोडी असतात. वर्षाच्या आतल्या बाळाला ती मुख्य दूध म्हणून मुळीच चालत नाहीत. पाकिटावर दूध पावडर, दुग्धघन किंवा व्हे (दूध फाटल्यावर उरणारे पाणी) लिहिले असेल तर आत लॅक्टोज आहे असे समजावे; लॅक्टिक आम्लाला मात्र घाबरायचे कारण नाही.