डायक्लोफेनॅक आणि गिधाडांचा ऱ्हास

गुरांना दिलेल्या एका वेदनाशामक औषधामुळे दक्षिण आशियातील गिधाडे जवळजवळ नामशेष होण्याची घटना. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. रोग्याला मानवलेले औषध निर्धोकच, ही समजूत किती अपुरी आहे हे यातून दिसले.

डायक्लोफेनॅक माणसांसाठी पूर्वीपासून वापरात होते. १९९०च्या दशकात ते स्वस्त झाले आणि लंगडणाऱ्या बैलाला, कासदाह झालेल्या गाईला त्याची इंजेक्शने सर्रास टोचली जाऊ लागली. जनावराला आराम पडे. मात्र त्यानंतर लगेच ते दगावले, तर औषधाचा अंश यकृतात आणि मूत्रपिंडांत उरे, आणि गावाबाहेर टाकलेले ते मढे गिधाडांच्या पोटात जाई. गिधाडांची मूत्रपिंडे या औषधाने निकामी होतात. यूरिक आम्ल शरीरात साचते आणि पक्षी काही दिवसांत मरतो. शवविच्छेदनात यकृतावर, हृदयावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर आढळतो. एका मढ्यावर गिधाडांचा अख्खा थवा उतरत असल्याने शंभरात एखादे मढे दूषित असले तरी एवढा संहार होऊ शकतो, असे गणित अभ्यासकांनी मांडले.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मान टाकून बसलेली, मरणारी गिधाडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) या संस्थेचे विभू प्रकाश यांनी नोंदवली. आधी संशय संसर्गजन्य रोगाचा होता. खरे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून उघड झाले. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध होता. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. अखेर २०१५ मध्ये कुपीचे आकारमान ३ मिलिलिटरवर आणावे लागले. असिक्लोफेनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचे तर गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते, तरी त्यावर आणि गिधाडांना घातक असलेल्या कीटोप्रोफेन या वेदनाशामकावर बंदी यायला २०२३ उजाडले. हा विलंब समर्थनीय नाही.

गिधाडे गेल्यावर मढी कुजत पडली, पाणवठे दूषित झाले, मोकाट कुत्री आणि त्यांबरोबर रेबीजचा धोका वाढला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांच्या २०२४ मधील अभ्यासानुसार २००० ते २००५ या काळात भारतात यामुळे सुमारे ५ लाख जादा माणसे दगावली. हा सांख्यिकीय अंदाज आहे. गिधाडांचा अधिवास असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतील मृत्युदरांच्या तुलनेवर तो आधारला आहे. मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाज मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवत असे; गिधाडे उरली नाहीत म्हणून तेथे मृतदेह उन्हाच्या उष्णतेने सुकवणारे सौर परावर्तक बसवावे लागले.

हरियाणातील पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबात आणली गेली. मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात, त्यामुळे संख्या सावरायला कित्येक दशके लागतील.