हलकी रिम आणि एरो कव्हर, दोन्हीचा फायदा वेगळा आहे

"हलके अलॉय टाक, ड्रॅग कमी होईल" असं (अलॉय म्हणजे हलक्या मिश्रधातूची रिम) लोक सर्रास सांगतात आणि तिथेच गल्लत होते. ड्रॅग म्हणजे हवेचा अडथळा, आणि हवेला रिम किती किलोची आहे याच्याशी काही घेणंदेणं नाही, तिला फक्त आकार दिसतो.

हलक्या रिमचा फायदा खरा आहे पण तो वेग वाढवताना आणि ब्रेक मारताना. चाक पुढेही जातं आणि गोलही फिरतं ना, म्हणून कडेला असलेलं १ किलो वजन वेग घेताना जवळजवळ २ किलोसारखं जड पडतं. थांबत-निघत चालवताना म्हणूनच गाडी मोकळी वाटते, खराब रस्त्यावर सस्पेन्शनलाही सोपं जातं. पण एकदा का वेग स्थिर झाला की उरतो फक्त टायरच्या रोलिंग रेझिस्टन्समधला, म्हणजे टायर रस्त्यावर फिरताना होणाऱ्या विरोधातला फरक. चार चाकांत मिळून ८ किलो कमी केले तरी तो १ न्यूटनच्या (न्यूटन हे जोर मोजायचं एकक) आतच!

आता एरो कव्हर बघा, म्हणजे चाकावर बाहेरून बसणारं सपाट झाकण. चालत्या गाडीच्या टायरचा सगळ्यात वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो, त्यात उघडे स्पोक पंख्यासारखे हवा घुसळतात, आणि चाकाच्या कमानीतली हवा त्यांच्यामधून बाहेर येऊन गाडीच्या कडेने सरळ जाणारा प्रवाह बिघडवते. सपाट कव्हर ही घुसळण कमी करतं. साध्या कारवर ताशी १०० किमीला हवेचा जोर साधारण ३०० न्यूटन असतो, त्यातले ३ टक्के जरी वाचले तरी ९ न्यूटन झाले, म्हणजे रिमच्या कितीतरी पट. मात्र हा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, ५० ला तो एक चतुर्थांशच राहतो, त्यामुळे गर्दीत कव्हरचा उपयोग जवळपास नाहीच.

माझं मत विचाराल तर हायवे जास्त असेल तर आधी कव्हर. टेस्ला मॉडेल ३ च्या १८ इंची चाकांवर अलॉयवरच प्लास्टिकचं एरो कव्हर येतं, म्हणजे दोन्ही एकत्र जमतं. पण भोकाभोकांची, फुगीर डिझाइनची साधी व्हील कॅप म्हणजे एरो कव्हर नव्हे हं, ती फक्त दिसायला.

आणि पुढची चाकं पूर्ण बंद करू नका, ब्रेकिंगचा मोठा भार पुढच्या ब्रेकवर असतो, लांब घाट उतरताना ते भयंकर तापतात आणि त्यांना हवा लागतेच. मागे तेवढी अडचण नसते, तरी क्लिप घट्ट बसल्यात ना हे हाताने ओढून बघाच.