अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलमधील संप, टाळेबंदी आणि चाहते

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात वेतन, करारमुक्ती (करार संपल्यावर दुसऱ्या संघात जाण्याची मोकळीक), निवृत्तिवेतन आणि उत्पन्नाची वाटणी यांवरून वेळोवेळी वाटाघाटी होतात. त्या फिसकटल्यावर झालेल्या संपांना आणि टाळेबंद्यांना प्रेक्षकांनी दिलेला प्रतिसाद हा या नोंदीचा विषय आहे. येथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि खांद्यांची कवचे घालून अंडाकृती चेंडूने खेळला जाणारा अमेरिकी खेळ. कोल्हापुरात किंवा गोव्यात ज्याला फुटबॉल म्हणतात, तो नव्हे.

मालक आणि कामगार यांच्या कोणत्याही तंट्यात ग्राहक हा तिसरा पक्ष असतो. साबणाचा कारखाना बंद पडला तर ग्राहक दुसऱ्या कंपनीचा साबण घेतो. आपल्या गावाचा संघ बंद पडला तर चाहता दुसऱ्या गावाचा संघ घेत नाही. तो तिकिटाचे पैसे देतो, अनेक शहरांत स्टेडियमसाठी कर भरतो, काही ठिकाणी तर हंगामी तिकीट विकत घेण्याच्या नुसत्या हक्कासाठी वेगळी मोठी रक्कम मोजतो, आणि तरीही वाटाघाटींच्या टेबलाभोवती त्याची खुर्ची नसते. त्याचा राग खरा असतो. परंतु तो कोणावर निघेल हे तंट्यातील मुद्द्यांपेक्षा तो कोणत्या शहरात राहतो आणि त्या शहराने स्वतःच्या पोटापाण्याच्या लढाया कशा लढल्या आहेत, यावरून अधिक ठरलेले दिसते.

खेळाडूंची संघटना १९५६ मध्ये स्थापन झाली. १९७४ च्या उन्हाळ्यात ‘स्वातंत्र्य नाही तर फुटबॉल नाही’ या अर्थाची घोषणा देत खेळाडूंनी सराव शिबिरांवर बहिष्कार टाकला. करार संपल्यावरही दुसऱ्या संघात मोकळेपणाने जाता येत नसे, हे त्यांचे मुख्य दुखणे होते. हंगामाचे सामने बुडाले नाहीत, त्यामुळे चाहत्यांना या संपाची झळ फारशी पोहोचली नाही.

खरी झळ १९८२ मध्ये लागली. २० सप्टेंबरच्या सोमवारी ग्रीन बे आणि न्यूयॉर्क जायंट्स यांचा सामना झाला आणि दुसऱ्या दिवसापासून खेळाडू संपावर गेले. मालकांच्या एकूण उत्पन्नातील ५५ टक्के वाटा खेळाडूंना मिळावा, अशी एड गार्वी यांच्या नेतृत्वाखालील संघटनेची मागणी होती. संप ५७ दिवस चालला आणि १६ सामन्यांचा हंगाम ९ सामन्यांवर आला. ज्या घरांत रविवारची दुपार पिढ्यान्‌पिढ्या या खेळाभोवती जात आली होती, तेथे दूरचित्रवाणीवर कॅनडातील लीगचे आणि छोट्या महाविद्यालयांचे सामने दिसू लागले. त्याच ऑक्टोबरमध्ये संघटनेने वॉशिंग्टन आणि लॉस एंजलिस येथे स्वतःचे दोन प्रदर्शनीय सामने भरवले. मैदानात नामांकित खेळाडू होते, तिकिटे खुली होती. तरी वॉशिंग्टनच्या मोठ्या स्टेडियममध्ये दहा हजार माणसेही जमली नाहीत. प्रेक्षक खेळाडूंसाठी येतात की संघाच्या रंगांसाठी, या प्रश्नाचे उत्तर त्या रिकाम्या बाकांनी दिले, आणि ते खेळाडूंना अनुकूल नव्हते. मालकांना मात्र हे आधीपासून ठाऊक असावे.

१९८७ चा संप या विषयातील सर्वांत बोलका प्रसंग मानावा लागतो. २२ सप्टेंबरला जीन अपशॉ यांच्या नेतृत्वाखाली खेळाडू पुन्हा संपावर गेले; या वेळी करारमुक्ती ही मुख्य मागणी होती. मालकांनी केवळ एका आठवड्याचे सामने रद्द केले आणि पुढचे तीन आठवडे बदली खेळाडूंना मैदानात उतरवून, त्या सामन्यांचे निकाल अधिकृत गुणतक्त्यात धरले. ‘बदली’ हा शब्द मराठी वाचकाला मुंबईच्या गिरण्यांमधून परिचित आहे. मात्र गिरणीतला बदली कामगार गैरहजर माणसाच्या जागी एरवीही लागत असे; हे खेळाडू संपकऱ्यांच्या जागा भरण्यासाठीच आणलेले होते. अमेरिकी कामगारांच्या बोलीत अशा माणसाला ‘स्कॅब’, म्हणजे शब्दशः खपली, म्हणतात, आणि हा शब्द तेथे शिवीसारखाच वापरला जातो.

चाहत्यांनी या नव्या संघांची नावे फिरवली. शिकागो बेअर्स हे ‘स्पेअर बेअर्स’ झाले, म्हणजे सुट्या भागांचे अस्वल. सॅन फ्रान्सिस्कोचे फोर्टी-नाइनर्स ‘फोनी-नाइनर्स’ म्हणजे नकली ठरले. लॉस एंजलिसचे रॅम्स ‘शॅम्स’ म्हणजे बनावट झाले. या विनोदात राग होता, पण ज्याच्याशी नाते तुटलेले आहे त्याला कोणी नवे नाव ठेवायला बसत नाही, एवढी जवळीकही त्यात होती.

४ ऑक्टोबर १९८७ रोजी फिलाडेल्फियात ईगल्स आणि शिकागो यांचा सामना झाला. साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांची सोय असलेल्या व्हेटरन्स स्टेडियममध्ये त्या दिवशी ४,०७४ माणसे होती. बाहेर चित्र वेगळे होते. ट्रकचालकांच्या आणि इतर कामगार संघटनांचे लोक संपकरी खेळाडूंच्या बाजूने दरवाज्यांपाशी उभे होते आणि तिकीट हातात घेऊन आत जाऊ पाहणाऱ्यांशी त्यांची बाचाबाची होत होती. गोदी, कारखाने आणि मालवाहतूक यांवर वाढलेल्या या शहरात कामगारांचे कडे ओलांडून आत जाणे ही शेजाऱ्यापाजाऱ्यांत तोंड लपवायला लावणारी गोष्ट होती. संघाचे प्रशिक्षक बडी रायन यांची सहानुभूतीही आपल्या नेहमीच्या खेळाडूंकडे होती आणि त्यांनी ती लपवली नाही. ईगल्स ३५-३ असे हरले. मोटारकारखान्यांच्या डेट्रॉइट परिसरातील स्टेडियमही त्याच दिवशी असेच ओस पडले होते.

दोन आठवड्यांनी, १९ ऑक्टोबरला, डॅलसमध्ये याच्या नेमके उलट घडले. टेक्सासच्या कायद्यानुसार कोणावरही नोकरीसाठी संघटनेत राहण्याची सक्ती करता येत नाही आणि तेथे संघटनांचा जोरही बेताचाच. त्या सोमवारी रात्री टेक्सास स्टेडियममध्ये साठ हजारांच्या घरात प्रेक्षक आले. डॅलसचे टोनी डॉर्सेट, रँडी व्हाइट आणि डॅनी व्हाइट हे नावाजलेले खेळाडू संप सोडून परतले होते, तर समोरच्या वॉशिंग्टन संघातील एकाही नियमित खेळाडूने संप मोडला नव्हता. प्रेक्षकांनी आपल्याच डॅनी व्हाइटची हुर्यो उडवली आणि त्याच्या जागी केव्हिन स्वीनी या बदली क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूला) खेळवा असा घोषा लावला. वॉशिंग्टनने हा सामना १३-७ असा जिंकला. ज्यांची नावे महिन्यापूर्वी कोणाला ठाऊक नव्हती, त्या मुलांना चाहत्यांचे प्रेम मिळाले, आणि हा संपाच्या इतिहासातील मनाला भिडणारा भाग आहे. कारण तीन आठवड्यांनंतर त्यांपैकी बहुतेकांना घरी पाठवण्यात आले. त्या हंगामात वॉशिंग्टनने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, पण बदली खेळाडूंना विजेतेपदाच्या अंगठ्या मिळायला २०१८ साल उजाडावे लागले.

संप २४ दिवसांत कोसळला. खेळाडू १५ ऑक्टोबरला विनाकरार कामावर परतले, तर आठवड्याची मुदत उलटून गेल्याचे सांगून मालकांनी त्यांना त्या शनिवार-रविवारी खेळूही दिले नाही. स्टेडियमे ओस पडली तरी मालकांचे कंबरडे मोडले नाही, कारण सामने कसेही असले तरी दूरचित्रवाणीचे पैसे येत होते. प्रेक्षकांच्या बहिष्काराची मर्यादा येथे स्पष्ट होते: तिकीटखिडकीवरील रोष मालकाच्या तिजोरीपर्यंत फारसा पोहोचत नाही. खेळाडूंना करारमुक्ती अखेर न्यायालयीन लढ्यातून आणि त्यानंतरच्या १९९३ च्या करारातून मिळाली, आणि तिच्यासोबत संघांच्या एकूण वेतनावर मर्यादाही आली.

पुढचे मोठे भांडण २०११ चे. तो संप नव्हता, मालकांनी लादलेली टाळेबंदी होती. लीगचे वार्षिक उत्पन्न ९ अब्ज डॉलरांच्या पुढे गेले होते आणि वाटणीपूर्वी बाजूला काढल्या जाणाऱ्या रकमेत आणखी १ अब्ज डॉलरांची वाढ मालकांना हवी होती. ‘तोटा होत असेल तर दहा वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब दाखवा’ ही संघटनेची मागणी त्यांनी मान्य केली नाही. टाळेबंदीच्या काळातही दूरचित्रवाणी कंपन्यांकडून पैसे मिळत राहतील अशी तजवीज मालकांनी करारांत करून ठेवली होती. ती खेळाडूंच्या हक्कांना बाधक असल्याचा निर्णय न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांनी १ मार्च २०११ रोजी दिला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टाळेबंदी सुरू झाली.

त्या वेळी ‘लक्षाधीशांचे अब्जाधीशांशी भांडण’ ही ओळ लोकांच्या तोंडी बसली होती. मंदीत नोकऱ्या गेलेल्या माणसाला ती पटणे साहजिक होते, पण ती अर्धसत्यच सांगते. एनएफएलमधील खेळाडूची कारकीर्द सरासरीने काही थोड्या वर्षांचीच असते, बहुतेकांची नावे चाहत्यालाही ठाऊक नसतात, आणि गुडघ्याच्या किंवा डोक्याच्या दुखापती आयुष्यभर सोबत राहतात. मालकाचा संघ मात्र मुलानातवंडांकडे जातो. खेळाडूचा पगार वर्तमानपत्रात छापून येतो आणि मालकाचा नफा येत नाही, हेही चाहत्यांचा राग खेळाडूंकडे वळण्याचे एक कारण आहे. याला अपवाद एकट्या ग्रीन बे पॅकर्सचा: हा क्लब हजारो सामान्य भागधारकांच्या मालकीचा असून त्याचे हिशेब दरवर्षी जाहीर होतात, त्यामुळे २०११ मध्ये लीगच्या अर्थकारणाचा अंदाज बांधताना सर्वांना त्याच आकड्यांचा आधार घ्यावा लागला.

या वेळी मात्र रोषाचा मोठा भाग मालकांकडे वळला. २८ एप्रिलला न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये नवोदित खेळाडूंच्या निवडीचा कार्यक्रम होता. आपापल्या संघांच्या जर्सी घालून आलेल्या, एरवी एकमेकांचे हाडवैरी असलेल्या चाहत्यांनी लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, रॉजर गुडेल व्यासपीठावर येताच एकसुरात हुर्यो उडवली आणि ‘आम्हाला फुटबॉल हवा’ अशा घोषणा दिल्या. तंटा २५ जुलैला मिटला आणि हंगामपूर्व एकच सामना बुडाला. करार जाहीर करताना इंडियानापोलिसचा जेफ सॅटर्डे हा खेळाडू न्यू इंग्लंड संघाचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांना मिठी मारून उभा राहिला. क्राफ्ट यांच्या पत्नी मायरा यांचे काही दिवसांपूर्वीच निधन झाले होते, आणि त्यांच्या आजारपणातही ते बोलणी करत राहिले होते. दोन्ही बाजूंना शिव्या घालणाऱ्या अनेकांच्या लक्षात ते दृश्य राहिले.

राग टिकला नाही. त्याच डिसेंबरमध्ये ग्रीन बेने २५० डॉलरला एक या दराने समभाग विकायला काढले. त्यांवर लाभांश मिळत नाही आणि ते बाजारात विकताही येत नाहीत. तरी अडीच लाखांहून अधिक विकले गेले. फेब्रुवारी २०१२ चे सुपर बोल हा त्या वेळेपर्यंत अमेरिकेत सर्वाधिक पाहिला गेलेला दूरचित्रवाणी कार्यक्रम ठरला.

चाहत्यांच्या क्षोभामुळे तोडगा निघाल्याचे एकच ठळक उदाहरण आहे, आणि ते खेळाडूंचे नसून पंचांचे आहे. २०१२ मध्ये निवृत्तिवेतनाच्या वादातून लीगने नियमित पंचांना टाळेबंदी केली आणि खालच्या स्तरावरील पंच आणले. २४ सप्टेंबरला सिएटलमध्ये ग्रीन बे १२-७ असे पुढे असताना शेवटच्या चेंडूवर सिएटलच्या रसेल विल्सनने गोलक्षेत्रात उंच फेक केली. सिएटलचा गोल्डन टेट आणि ग्रीन बेचा एम. डी. जेनिंग्ज हे दोघे चेंडूला बिलगून खाली पडले. शेजारी उभ्या असलेल्या दोन पंचांपैकी एकाने टचडाउनची, म्हणजे सिएटलला सहा गुण देण्याची, खूण केली, तर दुसऱ्याने घड्याळ थांबवण्याची. निर्णय सिएटलच्या बाजूने गेला. ग्रीन बे ज्या राज्यात आहे त्या विस्कॉन्सिनचे तेव्हाचे गव्हर्नर स्कॉट वॉकर हे सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांचे अधिकार कमी करणाऱ्या कायद्यामुळे गाजलेले. त्यांनीही खरे पंच परत आणा अशी जाहीर मागणी केली, आणि राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनीही तेच म्हटले. दोन दिवसांत करार झाला. २७ सप्टेंबरला बाल्टिमोरमध्ये नियमित पंच मैदानावर आले तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. येथे दबाव फळाला आला, कारण सामन्याच्या निकालावरचा विश्वासच डळमळला होता. निकाल खोटा वाटू लागला की दूरचित्रवाणीचे कंत्राटही मालकांना वाचवू शकत नाही.

मार्च २०२० मध्ये खेळाडूंनी १,०१९ विरुद्ध ९५९ अशा निसटत्या बहुमताने नवा करार स्वीकारला. त्यामुळे २०२१ पासून हंगाम १७ सामन्यांचा झाला. ॲरन रॉजर्ससारख्या ज्या खेळाडूंनी वाढीव सामन्याला उघड विरोध केला, त्यांचा मुद्दा शरीराच्या झिजेचा होता. हा करार २०३० च्या हंगामापर्यंत लागू आहे.